ब्राह्मी दिलेल्या उंदराच्या मेंदूत नेमकं काय दिसतं? वाचकांचे प्रश्न

या वेळी ब्राह्मीबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. एक खुलासा आधीच करतो. मराठीत रॅट आणि माउस दोघांनाही आपण उंदीर म्हणतो, पण प्रयोगशाळेत हे दोन वेगळे प्राणी आहेत. दोनशे ग्रॅमचा पांढरा विस्टार रॅट आणि पंचवीस-तीस ग्रॅमचा माउस यांचे डोस एका मापाने मोजता येत नाहीत. खाली उंदीर म्हटलंय तिथे रॅट समजावा, माउस असेल तिथे तसं लिहिलंय.

ब्राह्मीच्या कॅप्सूलच्या डबीवर ‘उंदरांवरील प्रयोगात मेंदूच्या पेशी वाढल्याचं सिद्ध’ असं छापलंय. पेशी खरंच वाढतात का?
— एक वाचक, चिपळूण

पेशी नव्हे, पेशींच्या फांद्या. मज्जापेशीला झाडासारख्या शाखा असतात, त्यांना डेन्ड्राइट म्हणतात. शेजारच्या पेशींचे निरोप मुख्यतः याच शाखांवर येऊन पोचतात. मणिपालच्या अभ्यासकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात प्रौढ विस्टार उंदरांना ब्राह्मीचा अर्क वजनाच्या किलोमागे २०, ४० आणि ८० मिग्रॅ अशा तीन मात्रांत, २, ४ आणि ६ आठवडे तोंडावाटे दिला. नंतर अमिग्डाला, म्हणजे भीती आणि भावनिक आठवणी सांभाळणारा जो भाग आहे, त्यातल्या पेशी गॉल्जी पद्धतीने रंगवून पाहिल्या.

गॉल्जी रंजनाची गंमत अशी की ते शंभरातल्या दोन-चार पेशीच पकडतं, पण जी पकडतं ती बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काळी करतं. पिवळट काचेवर बोरूने रेखाटल्यासारखं एकेक झाड सुटं दिसतं. मग पेशीच्या मध्याभोवती ठरावीक अंतरावर, बहुधा दर २० मायक्रॉनला, एकात एक वर्तुळं आखायची आणि प्रत्येक वर्तुळाला किती फांद्या छेदून जातात ते मोजायचं. ४० आणि ८० मिग्रॅच्या गटांत, आणि तेही ४ व ६ आठवड्यांनंतर, फांद्यांची लांबी आणि फाटे वाढलेले दिसले. डबीवाल्यांनी फांद्यांच्या जागी पेशी घातल्या. खरं तर शंभरातल्या दोन-चारच पेशी रंगत असतील, तर एकूण पेशी वाढल्या की नाही हे या पद्धतीने कळायला मार्गच नाही.

अमिग्डालात फांद्या वाढल्या म्हणजे चांगलंच झालं, असंही नाही. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या २००२ च्या प्रयोगात उंदरांना रोज दोन तास, असे १० दिवस जखडून ठेवलं होतं. त्या ताणाने हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा जो भाग आहे, त्याच्या सीए३ पट्ट्यातल्या फांद्या आखडल्या आणि अमिग्डालातल्या उलट वाढल्या. उंदीर जास्त भित्रे झाले ते वेगळंच. म्हणून फांद्यांच्या मोजणीबरोबर उंदीर काय शिकला आणि काय विसरला याची चाचणी लागतेच. नुसत्या काळ्या झाडांच्या चित्रावरून औषधाला शाबासकी देऊ नये.

ज्याचा दाखला याहून जास्त दिला जातो तो प्रयोग बनारस हिंदू विद्यापीठातल्या गटाचा, २००० साली छापलेला. त्यात ८२ टक्के बॅकोसाइड-ए (ब्राह्मीतलं मुख्य गुणकारी द्रव्य) असलेला अर्क किलोमागे ५ आणि १० मिग्रॅ असा ७, १४ आणि २१ दिवस दिला होता. कपाळामागचं कॉर्टेक्स, स्ट्रायटम आणि हिप्पोकॅम्पस या तिन्ही ठिकाणी एसओडी, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही तीन एन्झाइम वाढली. पेशीत तयार होणारा ऑक्सिजनचा जाळ विझवण्याचं काम ही करतात. तुलनेला डेप्रेनिल हे पार्किन्सनचं औषध होतं. त्याने पहिल्या दोन भागांत एन्झाइम वाढली, हिप्पोकॅम्पसमध्ये नाही. हे निष्कर्ष कामाचे आहेत. पण धडधाकट उंदरात एन्झाइम वाढणं आणि आजारी माणसाची स्मृती परतणं यांच्यात बरंच अंतर आहे.

आमच्या परसात पाटाच्या कडेला गोल पानांची ब्राह्मी पसरली आहे. प्रयोगातली ब्राह्मी हीच का?
— एक वाचक, सावंतवाडी

बहुतेक नाही. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बारीक दाते असलेलं पान लांब देठावर उभं असेल आणि जमिनीसरपट धाव्याला गाठीगाठीवर मुळं फुटत असतील, तर ती मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. मराठीत तिला करिवणाही म्हणतात. कानडीत तिचं नाव ओंदेलग, म्हणजे ‘एक पान’. प्रयोगांत ‘बकोपा’ लिहिलेलं असतं ती जलब्राह्मी वेगळी. तिची पानं जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची, मांसल, बिनदेठाची आणि समोरासमोर जोडीने येणारी. फूल पांढरं ते फिकट निळसर, पाच पाकळ्यांचं. पान चावलं तर कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी म्हणजे बकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला अशी स्पष्ट फारकत केली आहे. बाजार ती पाळतोच असं नाही. केरळात ब्राह्मी मागितली तर सहसा बकोपा मिळते, आपल्याकडे आणि उत्तरेत कित्येकदा सेंटेला.

दोन्ही वनस्पती नुसत्या वेगळ्या नाहीत, त्यांची कुळंही वेगळी. बकोपात बॅकोसाइड, सेंटेलात एशियाटिकोसाइड आणि त्याचे भाईबंद. गंमत म्हणजे मणिपालमध्येच मंडूकपर्णीच्या ताज्या पानांच्या रसावरही काम झालं, किलोमागे २, ४ आणि ६ मिली अशा मात्रेत, आणि तिथेही हिप्पोकॅम्पसच्या सीए३ पेशींच्या फांद्या वाढल्याचं दिसलं. तेव्हा तुमची मंडूकपर्णी टाकाऊ ठरत नाही. मात्र एकीच्या प्रयोगाचं श्रेय दुसरीला देता येणार नाही.

पाटाचं पाणी कुठून येतं तेवढं पाहा. बकोपा चिखलातलं कॅडमियम आणि पारा शोषून साठवते, इतकं की दूषित पाणी साफ करायला ती लावून पाहिली गेली आहे. कारखान्याच्या किंवा गटाराच्या पाण्यावर वाढलेली ओल्या जागेतली कोणतीही भाजी पोटात घालू नये.

उंदराला किलोमागे ४० मिग्रॅ, मग ७० किलोच्या माझ्या वडिलांना २८०० मिग्रॅ? शिवाय कुठे ५ मिग्रॅ, कुठे ४०, कुठे २०० लिहिलेलं असतं. खरं काय मानायचं?
— एक वाचक, नाशिक

२८०० मुळीच नाही. लहान प्राण्याचं चयापचय वजनाच्या मानाने वेगवान असतं, म्हणून डोस वजनावरून थेट न नेता शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशोबाने नेतात. रूढ पद्धतीत उंदराचा गुणांक ६ आणि प्रौढ माणसाचा ३७. उंदराच्या मात्रेला ६ ने गुणून ३७ ने भागायचं. ४० मिग्रॅचे होतात सुमारे ६.५ मिग्रॅ प्रति किलो, ७० किलोला साधारण ४५० मिग्रॅ. माउसचा गुणांक ३ आहे, म्हणून माउसवरचा प्रयोग असेल तर आकडा आणखी निम्मा होतो. हा हिशोब माणसांवरच्या चाचणीची सुरुवात कुठून करावी हे ठरवण्यासाठी आहे. घरी चमच्याने मोजण्यासाठी नाही.

आता ५, ४० आणि २०० चं कोडं. ‘अर्क’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळे पदार्थ विकले जातात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात साधा अल्कोहोलमधला अर्क किलोमागे ४० मिग्रॅ, तीन किंवा अधिक दिवस दिला होता आणि उंदीर लवकर शिकले होते. वाराणसीच्या अर्कात ८२ टक्के बॅकोसाइड-ए होतं, तिथे ५ मिग्रॅ पुरले. पाण्यातला काढा आटवून केलेल्या पुडीत बॅकोसाइड नगण्यही असू शकतं, मग लोक २०० वर जातात. म्हणून मिलिग्रॅमआधी टक्का वाचा, आणि टक्का कसा मोजला तेही. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजायच्या पद्धतीत बॅकोसाइडसारखी दिसणारी इतरही द्रव्यं मोजात येतात. तोच माल एचपीएलसीवर, म्हणजे द्रव्यं सुटी करून मोजणाऱ्या यंत्रावर, घातला की आकडा बराच खाली उतरतो. ‘५० टक्के बॅकोसाइड’ असं छापलेल्या दोन डब्यांत म्हणूनच दुपटी-तिपटीचा फरक निघू शकतो. लेबलवर पद्धत लिहिलेली नसेल तर ती यूव्हीच आहे असं धरून चाललेलं बरं.

माणसांवरच्या चाचण्या बहुतांशी प्रमाणित अर्काच्या रोज ३०० मिग्रॅच्या आसपास आणि १२ आठवड्यांच्या आहेत. ऑस्ट्रेलियात २००१ आणि २००२ साली, अमेरिकेत २००८ साली त्या प्रसिद्ध झाल्या. २००२ च्या चाचणीत ४० ते ६५ वयोगटातल्या लोकांच्या शिकण्याच्या वेगात फरक पडला नाही, नवं शिकलेलं टिकण्यात पडला. आठ-दहा दिवसांत काही जाणवलं नाही म्हणून डोस दुप्पट करणारे पोट बिघडवून घेतात. मळमळ, पोटात कळ, वारंवार शौचाला होणं हेच या अर्काचे सर्वांत नेहमीचे त्रास आहेत, आणि ते जेवणानंतर घेतल्याने कमी होतात.

एम. फार्म.चा प्रबंध करते आहे. ब्राह्मीचा मिथेनॉल अर्क २१ दिवस दिला. पण मेंदूच्या होमोजिनेटमध्ये एमडीएचं रीडिंग कंट्रोल गटातच एवढं वरखाली होतंय की फरक दाखवता येत नाही. एसीएचईचंही तेच. कुठे चुकतंय?
— एक विद्यार्थिनी, कराड

इतर वाचकांसाठी: होमोजिनेट म्हणजे मेंदू बफरमध्ये घोटून केलेला रस, एमडीए म्हणजे पेशीतले मेद जळल्याची खूण, एसीएचई म्हणजे स्मृतीला लागणारं ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम आणि कंट्रोल म्हणजे औषध न दिलेला तुलनेचा गट. कंट्रोल गट हलतो तेव्हा दोष अर्कात नसतो, हातात किंवा घड्याळात असतो. तरी अर्कापासूनच सुरुवात करू, कारण सस्पेन्शन नीट नसेल तर अर्कवाले उंदीरही हलतील. मिथेनॉल पूर्ण उडाल्याची खात्री करा. रोटाव्हॅपर ५० अंशांखाली चालवा, नंतर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. आधी पेट्रोलियम ईथरने मेद काढला नसेल तर अर्क डांबरासारखा चिकट राहतो आणि ०.५ टक्के सीएमसीत, म्हणजे अर्क तरंगत ठेवणाऱ्या डिंकासारख्या द्रावणात, नीट मिसळत नाही. खलात आधी सीएमसीच्या चार-दोन थेंबांबरोबर घोटून गुळगुळीत लेप करा, मगच बाकीचं वाढवा. प्रत्येक उंदराआधी बाटली हलवा. पहिल्या उंदराला पाणी आणि सहाव्याला गाळ, असं सर्रास होतं. कंट्रोलला नुसतं पाणी न देता तेवढंच सीएमसी, त्याच वेळी, त्याच सुईने द्या. सुई अन्ननलिकेत घालणं हाच मोठा ताण असतो आणि तो सर्व गटांना सारखा बसायला हवा.

आता मेंदू. प्रौढ उंदराचा अख्खा मेंदू दोन ग्रॅमच्या आतबाहेर, आणि दोन्ही हिप्पोकॅम्पस मिळून जेमतेम शंभर मिलिग्रॅम. १० टक्के होमोजिनेट केलं की हातात एक मिली येतं. त्यातून एमडीए, जीएसएच, एसओडी, कॅटालेज, एसीएचई, प्रोटीन आणि प्रत्येकाची दुबार नोंद काढायची म्हणजे शेवटच्या दोन टेस्टना तळाचा चोथा उरतो. कोणती टेस्ट किती मायक्रोलिटर खाणार ते आधी कागदावर मांडा. जमत नसेल तर दोन टेस्ट कमी करा.

डोकं वेगळं केल्यापासून मेंदू बर्फावर पडेपर्यंत दीड-दोन मिनिटांच्या वर जाऊ नये. मेंदूत मेदाम्लं भरपूर आणि लोहही आहे, तेव्हा उबेत ठेवलात की तो आपणहून खवट व्हायला लागतो. पहिला उंदीर ४० सेकंदांत उरकला आणि सहाव्याला कवटीचा तुकडा अडकून चार मिनिटं लागली, की तेवढा फरक थेट एमडीएत उतरतो. कान ओलांडून मागे, मणक्याच्या भोकातून बारीक कात्रीचं टोक कवटीला चिकटवून वर आणा, दोन्ही बाजूंनी कापा आणि हाडाचं झाकण बोन निबलरने उचला. मेंदू खालून सुटा करताना दृष्टीच्या नसा कापायला विसरू नका, त्या ओढल्या जाऊन तळाचा भाग फाटतो. पृष्ठभागावरचं रक्त बर्फाळ सलाइनने धुवा. रक्तातलं हिमोग्लोबिन एमडीए फुगवतं. जमल्यास आधी हृदयातून थंड सलाइन सोडून मेंदू रक्तमुक्त करणं सर्वांत चांगलं.

साठवण उणे ८० अंशांवरच. उणे २० वर जळणं मंदावतं, थांबत नाही. महिनाभर ठेवलेला कंट्रोल आणि काल ठेवलेला औषध गट यांची तुलना म्हणजे अर्काची नव्हे, फ्रीजरची तुलना. होमोजिनेट ०.१ मोलार फॉस्फेट बफर, पीएच ७.४, बर्फाच्या भांड्यात धरून करा. सलग न घोटता दहा-दहा सेकंदांचे झटके द्या आणि मधे थांबा, नाहीतर पोटरची (घोटण्याची) नळी हाताला गरम लागते.

एमडीएची रूढ पद्धत १९७९ ची आहे. ०.२ मिली होमोजिनेट, ८.१ टक्के एसडीएस ०.२ मिली, पीएच ३.५ ला आणलेलं २० टक्के ॲसिटिक ॲसिड १.५ मिली, ०.८ टक्के टीबीए १.५ मिली आणि पाणी घालून ४ मिली. ९५ अंशांवर तासभर, मग थंड करून ब्युटॅनॉल-पायरिडीनमध्ये ओढून ५३२ नॅनोमीटरला वाचायचं. इथे तीन खड्डे आहेत. पीएच ३.५ मीटरवर तपासलाच पाहिजे, कागदी पट्टी चालत नाही. उकळण्याआधी बीएचटी घातलं नाही तर तासाभरात नवाच एमडीए तयार होतो. तिसरा बराच लपलेला आहे. मायटोकॉन्ड्रियासाठी म्हणून सुक्रोजच्या बफरमध्ये केलेलं होमोजिनेट इथे वापरलं, तर सुक्रोज स्वतःच टीबीएबरोबर ५३२ ला रंग देतं. तुमच्या विभागात बफरची सामायिक बाटली असेल तर तिच्यावरची चिठ्ठी आजच वाचा.

एसीएचईला एलमन पद्धत वापरत असाल. पीएच ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये होमोजिनेट, डीटीएनबी आणि मग ॲसिटिलथायोकोलीन, ४१२ नॅनोमीटर. नेहमीची चूक ही की तिन्ही पाठोपाठ घालून घड्याळ चालू करतात. ऊतीतला ग्लुटाथायोन आणि प्रोटीनचे सल्फहायड्रिल डीटीएनबीला आधीच पिवळं करत असतात. डीटीएनबी घातल्यावर रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबा, तिथे शून्य धरा, मगच सबस्ट्रेट घाला आणि मिनिटागणिक वाढ घ्या. तुमच्या अर्काने ग्लुटाथायोन वाढवलं असेल आणि तुम्ही थांबला नसाल, तर एसीएचई वाढल्याचा आभास होईल. स्मृतीचं औषध एन्झाइम वाढवतंय असं उलटं चित्र दिसण्याचं हे एक साधं कारण. डीटीएनबी पीएच ७ च्या बफरमध्ये, अंधाऱ्या बाटलीत ठेवा. जुनं द्रावण स्वतःच पिवळं पडतं.

शेवटी क्रम. रोज प्रत्येक गटातला एकेक उंदीर घ्या. सोमवारी सगळे कंट्रोल आणि शुक्रवारी सगळे औषधवाले असं केलं असेल, तर मिळालेल्या आकड्यांतून वाराचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. मग संख्याशास्त्रात कितीही ‘एनोव्हा’ लावा.

एच अँड ई (नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंजनाच्या) स्लाइडमध्ये सीए३ ला गडद, आकसलेल्या, वेड्यावाकड्या पेशी दिसतात. गाइड म्हणतात हा उंदरांना दिलेल्या ॲल्युमिनियम क्लोराइड या विषाचा परिणाम. पण कंट्रोलमध्येही त्या आहेत.
— एक संशोधक, छत्रपती संभाजीनगर

कंट्रोलमध्ये आहेत, तिथेच उत्तर आलं. यांना डार्क न्यूरॉन म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्या विषाने नव्हे, बोटांनी झालेल्या असतात. फिक्स न झालेला, म्हणजे रसायनाने पक्का न केलेला मेंदू कवटीतून काढताना दाबला, चिमट्याने उचलला, वजनकाट्यावर आपटला, की पेशी आकसून निळ्याजांभळ्या होतात आणि फांद्या बूच काढायच्या स्क्रूसारख्या पिळवटतात. खरोखर मेलेली पेशी वेगळी दिसते. तिचं अंग गुलाबी-लालसर होतं आणि केंद्रक लहान, गच्च काळं होतं. शंका असेल तर शेजारचा छेद फ्लोरो-जेड-बीने रंगवा. ऱ्हास पावणारी पेशी हिरवी चमकते, दाबलेली सहसा नाही.

उपाय परफ्यूजन, म्हणजे हृदयातून द्रव सोडून मेंदू आतूनच फिक्स करणं. खोल भूल दिलेल्या उंदराच्या डाव्या जवनिकेत १८ गेजची बोथट सुई, उजव्या कर्णिकेला छेद, आधी ०.९ टक्के सलाइन आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ झालं की ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, दोनशे ग्रॅमच्या उंदराला २०० ते ३०० मिली. यकृत फिकट पिवळं पडणं, फिक्सेटिव्ह पोचताच पाय थरथरणं आणि शेपूट काठीसारखी ताठ होणं, या खुणा दिसल्या की काम झालं. नाकातून पाणी आलं तर सुई पुढे घुसून किंवा दाब जास्त होऊन द्रव फुप्फुसांकडे वळलाय, सुई थोडी मागे घ्या. मग लगेच मेंदू काढायची घाई नको. डोकं तसंच रात्रभर ४ अंशांवर फिक्सेटिव्हमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी काढा. एवढ्या एका बदलाने डार्क न्यूरॉन बहुतांशी नाहीसे होतात.

मोजणीसाठी प्रत्येक मेंदूतून तीच पातळी घ्या, ब्रेग्माच्या (कवटीवरच्या शिवणींच्या सांध्याच्या) मागे साधारण ३.३ मिमी. नाहीतर सीए३ ची जाडीच बदलते आणि पेशी ‘कमी’ होतात. स्लाइडवरचं गटाचं नाव दुसऱ्या कोणाकडून झाकून घ्या. फिक्स केलेल्या मेंदूत एन्झाइम मरतात, त्यामुळे बायोकेमिस्ट्री आणि हिस्टॉलॉजीला वेगळे उंदीर लागतात. ही संख्या समितीच्या अर्जात आधीच धरायची असते.

गटात सहा उंदीर पुरतात का? परवानगी कोणाची लागते? पिल्लांवर प्रयोग करायचा आहे.
— एक विद्यार्थी, नांदेड

सहा ही सवय आहे, नियम नाही. आधीच्या प्रयोगातला फरक आणि विचलन घालून संख्या काढा. रसायनांच्या मोजणीला सहा ते आठ चालून जातात, पाण्याच्या मेझसारख्या वर्तनचाचणीला दहा-बाराच्या खाली जाऊ नये, कारण एकेका उंदराचा स्वभाव आडवा येतो. परवानगी तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची, फॉर्म बी भरून, आणि प्राणीगृह सीसीएसईए, पूर्वीची सीपीसीएसईए, हिच्याकडे नोंदलेलं हवं. तारीख मंजुरीनंतरचीच असावी. नंतर घेतलेल्या मंजुरीवर नियतकालिकं पेपर परत करतात.

पिल्लांचं गणित वेगळं. एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ नमुने नव्हेत, एकच वेत. एका वेताची सगळी पिल्लं औषध गटात आणि दुसऱ्याची सगळी कंट्रोलमध्ये टाकली, तर तुम्ही अर्क नव्हे, दोन आया ताडून पाहता. प्रत्येक वेत गटांत वाटा.

आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, वडिलांना डोनेपेझिल. ब्राह्मीची कॅप्सूल द्यावी का?
— एक वाचक, पुणे

वडिलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध एसीएचई हे एन्झाइम अडवतं आणि ब्राह्मीच्या अर्काचा कलही त्याच बाजूला असल्याचं प्राण्यांत दिसलं आहे. दोन्ही मिळून नाडी मंदावणं, मळमळ, जुलाब वाढू शकतात. शिवाय परीक्षानळीत हा अर्क यकृतातली काही औषधं मोडणारी एन्झाइम अडवतो.

थायरॉइडबद्दल २००२ चा एक प्रयोग आहे, माउसवरचा. किलोमागे २०० मिग्रॅ दिल्यावर टी४ हे थायरॉइडचं संप्रेरक सुमारे ४१ टक्क्यांनी वाढलं. माणसाच्या हिशोबात ही मात्रा ६० किलोला हजार मिग्रॅच्या जवळ जाते, म्हणजे नेहमीच्या ३०० च्या तिपटीहून जास्त. घाबरण्यासारखं नाही, पण आईंनी कॅप्सूल सुरू केली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावा, आणि डॉक्टरांना कॅप्सूलचं नाव सांगावं. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून लोक नेमकं तेच सांगायचं टाळतात. मूल हवं असलेल्या तरुणांनीही लक्षात ठेवावं की नर माउसमध्ये किलोमागे २५० मिग्रॅने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटली होती. अर्क थांबवल्यावर ती परत आली.

ब्राह्मीचं तेल डोक्याला चोळलं तर मेंदूपर्यंत पोचतं का?
— एक वाचक, मडगाव

पोचत नाही. बॅकोसाइडचा रेणू सुमारे ९०० डाल्टनचा, धडधाकट त्वचेतून साधारण ५०० च्या वरचे रेणू फारसे आत जात नाहीत. त्यातून हे सॅपोनिन तेलात नीट विरघळतच नाहीत. काढा तेलात आटवताना त्यातले बरेच खाली गाळात राहतात आणि फडक्याने गाळून टाकले जातात. उंदरांवरच्या वर सांगितलेल्या सगळ्या प्रयोगांत अर्क तोंडावाटे दिला होता, डोक्याला चोळला नव्हता. झोपण्याआधी कोमट तेलाने मालिश केल्यावर बरं वाटतं ते हाताच्या चोळण्याने, आणि त्याला खोबरेलही चालतं.